होऊन राहिली

२२ जुलै १९५७, नवेगाव बांध

आज गोंदियाला सभा. गटातले सगळे ग्रामसेवक आणि समोर मोठे साहेब. मो.सा. नाशिककडचे, मी साताऱ्याकडचा. विदर्भ मुंबई राज्यात आल्यापासून आमच्यासारख्यांची इकडे आयात चालली आहे. मो.सा.ना यंदा एकच गोष्ट हवी: जपानी पद्धतीचं भात, दोरी धरून ओळीत लावलेलं. ज्याच्या गावात ते झालं तो कामाचा, बाकीचे बिनकामाचे. आणि कामाचा कोण हे ठरवायचं मी, गटाचा अधिकारी म्हणून.

एकेकाला उभं करून विचारत होतो. नवेगावचा कापगते उठला. हा माणूस पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यात खुपतो. उशिरा येतो, केसांना तेल थापतो, कशावरही स्वतःचं मत ठोकून देतो. मी 'लावणी' म्हटलं की गालात हसतो, कारण इकडे भाताची ती रोवणी. म्हणून आज मुद्दाम रोवणीच म्हणालो. तुमच्या गावच्या दोरीच्या रोवणीचं काय?

"होऊन राहिली साहेब."

राहिली! होता होता राहिली, आणि सांगतो कसा, तर जावयासारखा ऐटीत. मी म्हणालो, राहिली तर मग इथे कशाला आलात, तोंड दाखवायला? तो गडबडला. पुन्हा तेच. "आजबी होऊन राहिली ना साहेब." मागे कोणीतरी फिसकन हसलं. मी आवाज चढवला. लाज वाटायला हवी, म्हणालो. तो खाली बसला.

मो.सा. निघताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, असा माणूस हवा होता इथे. कापगते अजून कायम झालेला नाही. तिथेच बसून शेरा लिहून दिला: कामात कुचराई, कायम करू नये. मन हलकं झालं.

२९ जुलै

सौ. आली. देवळगाव स्टेशनवरून बैलगाडीने. घर पाहून काही बोलली नाही म्हणजे आवडलेलं नाही. तळं मात्र आवडलं. शेजारी आमचे कारकून शेंडे, त्यांची बायको भागरताबाई. दोघींचं लगेच जमलं.

सभेचा परिणाम दिसतो आहे. ज्या गावात विचारावं तिथे एकच उत्तर, "झाली साहेब." कोणी घुटमळत नाही, कारणं सांगत नाही. धाक हवा तो हवाच.

३ ऑगस्ट

लिहायला हात होत नाही. तरी लिहितो.

जेवायला बसलो होतो. सौ. हसत हसत वाढत होती. सकाळची गोष्ट. तिने कुडावरून भागरताबाईला विचारलं, भात झाला का? ती म्हणाली, "होऊन राहिला." हिला वाटलं, बिचारीचा भात व्हायचा राहिला, सरपण भिजलं असेल. म्हणून आमच्यातला भात नि वरण झाकून घेऊन गेली. बघते तर चुलीवर भात रटरटतोय. भागरताबाई पोट धरून हसली. "होऊन राहिला मंजे होऊन राहिला ना बाई! आता होते. तुमच्याकडं कसा होते भात?"

इकडे 'होऊन राहिला' म्हणजे होतो आहे. चाललं आहे. या घटकेला.

सौ.चं हसू थांबेना. म्हणाली, तुम्ही का हसत नाही? घास तोंडातच होता. उठलो आणि तळ्याकडे जाऊन बसलो.

ती आठवडाभरात शिकली. भाताचं पातेलं घेऊन गेली, फजिती झाली, शिकली. मी शेरा घेऊन गेलो.

४ ऑगस्ट

शेंड्यांना कचेरीत विचारलं. सभेत तुम्ही माझ्या शेजारी होता. तो काय म्हणतोय ते तुम्हाला कळलं होतं की नाही?

कळलं होतं, म्हणाले. सगळ्यांनाच.

मग सांगितलं का नाही?

"तुमी साहेब माणूस. तुमाले कोन सांगन?"

रागाने म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. पाऊसपाण्याचं बोलावं तसं म्हणाले आणि टाक पुसत बसले. म्हणजे मागे फिसकन हसले ते कापगत्याला नव्हे.

६ ऑगस्ट

कापगत्याची रोवणी चालली होती त्या बांधीवर गेलो. तळ्याखालचं शेत. कापगते गुडघाभर चिखलात, दोरीचं एक टोक हातात, दुसरं एका म्हाताऱ्याच्या. मध्ये बायका वाकून रोवत होत्या आणि त्याची टिंगल करत होत्या. दोरी काऊन लावता, आमचे डोळे फुटले का, असं काहीसं. तोही उलटून बोलत होता. डोक्याचं तेल चिखलाने माखलेलं.

काम फार उत्तम होतं असं नाही. बरं होतं. अर्ध्या बांध्या अजून जुन्या रीतीनेच. पण होत होतं. डोळ्यांदेखत होऊन राहिलं होतं.

मला पाहून बायका गप्प झाल्या. तोही. दोरी तशीच हातात धरून उभा. वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं: कापगते, माझी चूक झाली, मला तुमचा शब्द कळला नाही. इतकंच. आणि तोंडातून काय निघालं?

"ओळी जरा वाकड्या आहेत."

"हो साहेब," तो म्हणाला.

सायकल वळवली. पाठीमागे बायकांचं बोलणं पुन्हा सुरू झालं ते मी बरंच लांब गेल्यावर.

७ ऑगस्ट

सौ.ला सांगितलं. आता हसली नाही. म्हणाली, मग शेरा मागे घ्या. एवढं सोपं. मी म्हणालो, मो.सा.नासुद्धा शब्द कळला नव्हता, त्यांना त्यांच्याच तोंडावर कसं सांगू? ती म्हणाली, मी नाही का भागरताबाईला सांगितलं, मला कळलं नव्हतं म्हणून. तिला भात आणि सरकार यातला फरक समजावून देत बसलो. ऐकून घेतलं तिने.

१३ ऑगस्ट

गोंदियाला गेलो, फक्त याचसाठी. मो.सा.नी चहा मागवला. समोर गटाचा तक्ता. आमच्या गटात सगळीकडे 'झाली'. म्हणाले, एका माणसाला झाडलंत आणि बाकीचे कसे सुतासारखे सरळ झाले बघा. तुमचं नाव मी वर कळवतो आहे.

मी म्हणालो, साहेब, तो कापगते तसा...

"तसा म्हणजे?"

"तसा बरा आहे."

"आता ढिले पडू नका. कायमची यादी दिवाळीच्या आत निघेल. त्याच्या जागी चांगला माणूस बघू."

चहा छान होता असं म्हणून उठलो. खरंच म्हणालो असं. परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून बसलो. वर कळवायचं माझं नाव मला आवडलं होतं. तेही लिहून ठेवतो.

२० ऑगस्ट

पलीकडच्या गावाला न कळवता गेलो. तिथली 'झाली' मो.सा.च्या तक्त्यावर सगळ्यात वर आहे. रस्त्याकडेच्या एका बांधीत सुबक ओळी. आत शिरलो तर दोरीचा पत्ता नाही. बऱ्याच बांध्यांत रोवणीच नाही.

तिथल्या ग्रामसेवकाला विचारलं. पोरसवदा, घाबरट. आधी झाली झाली करत राहिला. मग म्हणाला, "होऊन राहिली म्हनलं तर तुमी कापगत्याचं काय केलं? आता कोनी तसं म्हनत नाही साहेब. त्या शब्दाचं भेव वाटते."

त्याला झापायला मला तोंड कुठे आहे? या सगळ्यांना मी एकच गोष्ट शिकवली, खोटं बोलायची. खरं बोलणारा होता त्याला काढायला निघालो आहे. आणि आणखी एक: तो शब्द मला कळला असता तरी त्या तेलकट डोक्यासाठी मी दुसरं काही शोधून काढलं असतं. हे सौ.ला सांगितलेलं नाही.

२ सप्टेंबर

कापगत्याला चार भाऊ, शेत वाटून एकेकाला एक तुकडा. नोकरी गेली तर तो त्या तुकड्यावर. हे भागरताबाईकडून सौ.ला, सौ.कडून मला. जेवताना सांगितलं आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

मो.सा.ना कागद लिहायला घेतला. 'भाषेच्या किरकोळ गैरसमजामुळे' असं लिहिलं. 'किरकोळ' खोडलं.

८ सप्टेंबर

सकाळी कापगते घरी आला. स्वच्छ सदरा, तेल नेहमीचंच. ओसरीवर बस म्हटलं तर बसला नाही. सौ. आत पाणी आणायला गेली ती दाराआडच थांबली असावी.

इकडचं तिकडचं झालं. मी पीक कसं आहे ते विचारलं, तो बरं आहे म्हणाला. मग टोपी हातात घेऊन म्हणाला, साहेब, माझ्या कायमच्या कागदाचं काय झालं?

मो.सा.ना लिहायला घेतलेला कागद आतल्या टेबलावर अर्धाच होता. म्हणालो, "होऊन राहिलं."

आपोआप आलं तोंडात. इकडचंच बोलणं, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. मला वाटलं त्याला बरं वाटेल.

त्याने मान वर करून पाहिलं. नीट, सावकाश. सभेत पाहिलं होतं त्याहून जास्त वेळ.

"कोनतं साहेब? आमचं का तुमचं?"

त्याने टोपी घातली. सौ. पाणी घेऊन आली तेव्हा त्याची सायकल कुडाच्या पलीकडे गेली होती. तांब्या तिने माझ्यासमोर ठेवला आणि आत गेली.

कागद पूर्ण लिहून झाला आहे. सगळं आलं आहे त्यात, भाताचं पातेलंसुद्धा. सही राहिली आहे.