खिचडीच्या खोलीतला समुद्र

बदनापूर, २१ मार्च

प्रिय मोना,

पत्र बघून हसशील. पण फोनवर तू मध्येच "काय गं सुमे" म्हणतेस आणि मी विषय बदलते. पाली तीन आठवडे तुझा फोन उचलत नाही. तू विचारलंस तेव्हा मी कळवलं, परीक्षा जवळ आलीय. आठवीच्या परीक्षेपायी माझी मुलगी तिच्या मोनामावशीला टाळेल, हे तुला तरी पटलं का?

आधी विज्ञान दिनाचं सांगते. आमच्या शाळेत खिचडीचा तांदूळ ठेवायची बिनखिडकीची खोली आहे. पालीनं ठरवलं, तिथे खोल समुद्र करायचा. तिच्या पप्पांनी, राजानंदनं, वडीगोद्रीच्या टरबूजवाल्या मित्राकडून वाफ्यांवर अंथरतात तो काळा कागद आणून भिंती झाकून दिल्या. पालीनं वाळलेल्या भोपळ्याचा मासा केला, त्याला बाभळीच्या काट्यांचे दात, तोंडापुढे तारेवर सेलचा इवलासा दिवा. दिव्याभोवती दोऱ्यांना कापसाचे कण लटकवले. वरच्या पाण्यात मेलेल्या जिवांचा चुरा असाच सावकाश खाली येत राहतो आणि खालच्यांचं बरंचसं त्यावरच भागतं, हे तू तिला सांगितलेलं.

सगळं तूच सांगितलेलं. पालीचं सारखं चालू, मोनामावशी म्हणते, तिथल्या बऱ्याच माशांना हवेची पिशवीच नसते, म्हणून एवढ्या दाबाखाली ते चिरडत नाहीत. मोनामावशी म्हणते, लाल कोळंबी तिथे कुणाला दिसत नाही, कारण लाल उजेड तेवढ्या खोल पोचतच नाही. मी बावीस वर्षं विज्ञान शिकवते, मोना. मी काही सांगायला गेले की पाली म्हणते, "मम्मी, तू पुस्तकातलं सांगून राह्यली. मावशीनं बघेल हाये."

खरं तर समुद्र आधी माझा होता. जालन्याला बी.एस्सी.ला असताना वाचनालयातलं ते फाटकं मासिक मी तुला दाखवलं. कोचीला समुद्रविज्ञान शिकायचे दोन अर्ज मीच आणले. दोघींची निवड झाली. आबा आजारी पडले म्हणून मी राहिले, असं मी सगळ्यांना सांगते, पालीलाही. आबांनी तर माझ्यासाठी नवी पेटी आणली होती. मला भीती वाटली, एवढंच. तू एकटी गाडीत बसलीस तेव्हा मी मनात म्हटलं, महिनाभरात येते की नाही बघ परत. तू आली नाहीस याचा राग माझ्या मनात अजून आहे.

विज्ञान दिनाच्या आदल्या दिवशी त्या खोलीत लावायला तू पालीसाठी बोलून पाठवलेलं माझ्या मोबाइलवर आलं. पाच मिनिटं. शाळेच्या पायरीवर बसून मी ऐकलं. "पाली, डोळे मिटू नको. पहिल्यांदा वाटतं, इथं काहीच न्हाई. जरा थांब." पुढे त्या माशाचं होतं, जो डोळ्याखालून लाल उजेड टाकतो आणि इतरांना तो दिसतच नाही, आपल्यावर कुणाची नजर आहे हे भक्ष्याला शेवटपर्यंत कळत नाही. इतकं छान बोलली होतीस. हे ऐकलं की माझी मुलगी अख्खी तुझी होणार, एवढंच मला दिसलं.

संध्याकाळी तिनं विचारलं, "मावशीचं आलं का?" मी म्हटलं, "न्हाई गं. मोठ्या जहाजावरची माणसं, विसरली असंल."

दुसऱ्या दिवशी त्या खोलीत मी बोलले. पाच-पाच पोरं आत यायची आणि मी तुझीच वाक्यं माझ्या आवाजात सांगायची. खिचडी करणाऱ्या चतुराबाई बाहेर आल्यावर म्हणाल्या, "बाई, म्या तं भेल्ते. तुमच्या आवाजानं धीर आला." मला फार बरं वाटलं. पाली दारात रांग सांभाळत होती, तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. घरी येऊन तिनं कपाटावरचा तुझा जहाजावरचा फोटो काढून रद्दीत ठेवला.

मला वाटलं होतं, आता ती माझ्याकडे येईल. ती कुणाकडेच गेली नाही. मासा तिनं चतुराबाईंच्या नातीला देऊन टाकला. काल राजानंदनं सहज विचारलं, मोठेपणी समुद्रावर जायचं ना? तर म्हणाली, "बघू." चौदा वर्षांच्या मुलीचं ते "बघू" ऐकून मी ताट बाजूला सारलं. मी अगदी तसंच म्हणत असे.

तिला तोंडानं सांगायचं तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा काहीतरी काम काढून उठले. म्हणून हे तुला लिहिलं. पण मोना, आधी वाचणार आहे ती. उद्या हे पाकीट मी उघडंच तिच्या हातात देईन. चिकटवायचं राहिलं, तेवढं चिकटवून पोस्टात टाक, म्हणेन. ती वाचल्याशिवाय राहायची नाही. तुझा आवाज मी पुसलेला नाही. मोबाइल तिच्या टेबलावर ठेवून शाळेत जाईन. शेवटच्या पानाची मागची बाजू मी कोरी सोडली आहे. तिनं तिथे तुला काही लिहिलं असेल, तर ते तुझं. मी बघणार नाही.

तुझीच,
सुमेधा