स्कूटीची मागची सीट

सेक्टर ६, भिलाई

तीर्थरूप आईले, दुरूनच वाकून नमस्कार.

माही ड्युटी बरोबर सुरू आहे, डबाही वेळेवर खाते. काळजी करू नको. तुहे गुडघे कसे आहेत?

शेजारच्या भागीरथाताईले मी स्कूटी शिकवली. तिचं पाहून आमच्या क्वार्टरच्या लाइनीतल्या सगळ्याच बाया शिकल्या. ताई आता सासूले स्वतः दवाखान्यात नेते. नववीनंतर घरी बसलेली तिची पोरगी पुन्हा शाळेत जाऊन राहिली. सोडाले माय आहे न!

पह्यले रोज संध्याकाळी कोणी तरी दारात यायची, "हर्षा, बजारात घेऊन चल न." आता कोणीच येत नाही. मागची सीट रिकामीच राहते.

तू ये न आई. तुले मात्र मी स्कूटी शिकवणार नाही.

तुही वाट पाहणारी,
हर्षा