उद्याची तपासणी

प्रिय दादा,

परवा तुझ्याकडे जेवताना तू वहिनीला म्हणालास, "त्या वस्तीतल्या एचआयव्ही केंद्राचं अनुदान मी रोखलंय. यादीत नुसते नंबर. नंबर काय, कुणीही लिहील!"

वहिनी म्हणाली, "नावं लिहिली तर येईल का कुणी?"

त्या यादीतला एकेचाळीस नंबर माझा आहे.

सात वर्षं तू जिला बीपीची गोळी समजतोस, ती एचआयव्हीचीच. हे न्यूमोनियाने गेले असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खरंच होतं, पण अर्धंच.

आधी मोठ्या हॉस्पिटलात दोन बस बदलून जावं लागायचं. कामाचा दिवस बुडायचा, म्हणून मी गोळ्याच बुडवायचे. आता जेवणाच्या सुट्टीत केंद्रात जाऊन येते. तिथली सिस्टर ओरडते, "ताई, वजन वाढतंय, जिने चढा जरा!" वजन वाढलं म्हणून बोलणी खाण्यात काय सुख असतं, तुला नाही कळायचं.

उद्या तू तपासणीला येणार, म्हणून सिस्टरने सगळ्यांना घरीच थांबायला सांगितलंय. कुणाचं तोंड दिसायला नको. पण बाक रिकामा दिसला की तू 'रुग्ण नाहीत' असा शेरा मारशील आणि केंद्र बंद होईल.

हे पत्र तुला द्यायचा धीर नाही. त्यापेक्षा बाकावर जाऊन बसणं सोपं वाटतंय. मला पाहिलंस की आधी फाइलवर सही कर. रागवायचं ते घरी येऊन रागव.

तुझी,
धाकटी