दगडावरचं पाणी

हिरोशिमा
१२ मे १९६८

आई,

किनुएशी लग्नाला नाही म्हणजे नाही, हेच पुन्हा लिहिलंस ना? आणि वर ‘खाऊनपिऊन राहा’. राहतोय. तुझा गुडघा कसा आहे? हे पत्र एकटीच वाच, धाकट्या मिसाओकडून वाचून घेऊ नकोस. माझं अक्षर लावायला वेळ लागेल, लागू दे.

‘तिथल्या पोरीच्या रक्तात काय असेल कोण जाणे,’ म्हणतेस. बॉम्ब पडला तेव्हा किनुए तिच्या आईच्या पोटात होती, एवढाच तिचा गुन्हा.

सध्या शाळांच्या सहलींचे दिवस आहेत. मालक फोटो काढतात, मी पोरांना बाकांवर उभं करतो. पडका घुमट, स्मारक, किल्ला, परत घुमट. घाण्याचा बैल झालोय. पळून जावंसं वाटतं, पण जाऊ कुठे? गावी यायचं तर किनुएला सोडून यायचं.

गेल्या महिन्यात तू गावातल्या बायकांबरोबर बसने आलीस. मीच तुम्हाला फिरवलं. बाकीच्यांनी उदबत्त्या लावल्या. तू पिशवीतून बाटली काढलीस नि स्मारकाच्या दगडावर पाणी ओतलंस.

तोमेकाकू हसल्या. “अगं, झाड आहे का ते?”

“बाटली जड झाली होती,” म्हणालीस.

आई, इथे पाणी कोण ओततं ते मला ठाऊक आहे. बॉम्बने भाजून पाणी पाणी करत जे गेले, त्यांची माणसं. उदबत्तीवाल्या म्हातारीनं हळूच विचारलं, “तुमचं कोण?” तू म्हणालीस, “धाकटा भाऊ.” मी मागेच होतो. मामा गावी तापानं गेला, असं आम्हाला सांगितलं होतंस. बॉम्ब पडल्यावर त्याला शोधायला तूही इथे आली होतीस ना, आगीतून? मिसाओ बॉम्बच्या पुढच्या वर्षाची.

पुढचं लिहीत नाही.

बसमध्ये चढताना म्हणालीस, “आधी मिसाओचं लग्न होऊ दे.” मला वाटलं, खर्चाचं बोलतेस. नवऱ्यामुलाकडचा माणूस, घरातलं कुणी तेव्हा हिरोशिमात होतं का, याची शेजारीपाजारी चौकशी करत फिरतोय म्हणे. मी तोंड उघडलं तर तिचं मोडतं, मिटलं तर माझं.

काल किनुए म्हणाली, “तुझ्या आईचं माझ्याशी काय वाकडं आहे रे?”

“तिला हे शहर आवडत नाही.”

“मग सांग तिला, मलाही नाही आवडत!” म्हणून हसली. मला हसता आलं नाही.

तोंड मिटलंय मी. पण तू माझ्यासाठी बघितलेल्या त्या मुलीकडे नकार कळव. मिसाओच्या लग्नालाही येत नाही. समोर बसलो तर बोलून जाईन. भाऊ कुठे असतो विचारलं तर ओसाकाला म्हणून सांग.

तुझाच,
तोकुजी

मिसाओच्या लग्नाच्या किमोनोसाठी सोबत पंधरा हजार येन.