शिरपुरात मिळेल

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि आपल्या ओळखीत मोबाईल फक्त तुमच्या एस.टी. डेपोच्या मॅनेजर साहेबांकडे होता. त्यामुळे मी आज काय काम करते हे तुम्हाला सांगायचं तर पार मुळापासून सांगावं लागेल. तलाठ्याची परीक्षा मी दोनदा दिली, तुमची इच्छा होती म्हणून, आणि दोन्ही वेळा राहिले. बरं झालं. आता मी कारंज्यात एका दुकानात नोकरी करते. दुकानाला पाटी आहे, गोडाऊन आहे, पण काउंटरवर गिऱ्हाईक सहसा येत नाही. ते मोबाईलवरून माल मागवतं, आम्ही पार्सल करून पाठवतो. फवारणीचे पंप आणि त्यांचे सुटे भाग विकतो आम्ही: रबराचे वायसर, नळ्या, नोझल, पट्टे. ऐन फवारणीत पंप बंद पडला की माणूस मोबाईलला विचारतो, पंपाचा वायसर कुठी भेटन? मोबाईल त्याला दुकानांची यादी दाखवतो. त्या यादीत आमचं नाव वर यावं यासाठी जी खटपट करावी लागते ती माझी नोकरी. हे आपल्याकडच्या कॉलेजात कोणी शिकवत नाही. त्यासाठी परिषदा भरतात, पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला, आणि मी तिथं जाते. एकटी जाते.

पहिल्यांदा पुण्याला गेले तेव्हा आईनं ट्रॅव्हल्स सुटेपर्यंत खिडकीखालून सूचना दिल्या. दशम्या, ठेचा, पाण्याच्या दोन बाटल्या, आणि "कोनी काही खायले देल्लं तं खाऊ नको." तिथं तर दिवसभर खायलाच देत होते, बाबा. मोठं हॉटेल, हॉलमध्ये एवढा गारठा की मी साडीवर आईची शाल गुंडाळून बसले. गळ्यात नावाची पट्टी, खाली जिल्हा वाशीम. जेवताना प्रत्येकजण पट्टी वाचायचा आणि विचारायचा, वाशीम कुठे आलं? मी अकोल्यापासून सुरुवात करायची, मग नागपूर सांगायची, शेवटी म्हणायची, नकाशाच्या मधोमध बोट ठेवा, तिथंच. बहुतेक सगळे माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, इंग्रजी फाडफाड. पण दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं की ते ज्या अडचणी सांगतात त्या माझ्याच आहेत, फक्त त्यांच्याकडे त्यांना मोठी नावं आहेत. मी वही उघडली आणि संध्याकाळपर्यंत भरून टाकली.

त्या दिवशी एका वक्त्यानं युक्ती सांगितली. ज्या गावात गिऱ्हाईक आहे त्या प्रत्येक गावाच्या नावानं मोबाईलवर दिसणारं वेगळं पान बनवा. गावातला माणूस शोधेल तेव्हा त्याला वाटलं पाहिजे की वस्तू आपल्याच गावात आहे. मी कारंज्याला परतले आणि कामाला लागले. मंगरूळपीर, मानोरा, शेलूबाजार, मालेगाव, रिसोड, जिल्ह्यातलं एकही गाव सोडलं नाही. मजकूर एकच, फक्त गावाचं नाव बदलायचं. वायसर शिरपुरात मिळेल, वायसर अनसिंगला मिळेल. महिन्याभरात आमचं दुकान यादीत सगळ्यात वर. मालकांनी, ते माझ्याच वयाचे आहेत, मला ताई म्हणतात, सगळ्या स्टाफला पेढे वाटले. मला म्हणाले, "ताई, तुमचं जाणं वसूल झालं." मी त्या दिवशी रुबाबात घरी आले.

मग श्रावण लागला. सोयाबीनवर अळी, आणि पावसानं नुकतीच उघाड दिलेली. सकाळी अकराच्या सुमारास एक नवराबायको मोटारसायकलवरून गोडाऊनच्या दारात उतरले. काका साठीचे असतील. बाईंच्या मांडीवर पोत्यात गुंडाळलेला पंप. काकांनी मोबाईल माझ्यासमोर धरला.

"तुमचंच दुकान हाये ना हे? शिरपुरात भेटन असं लिवलं हाये यिथं. म्या सारं शिरपूर पालथं घातलं. कुठी नाई."

"काका, शिरपुरात आमचं दुकान नाही. शिरपूरला आम्ही पार्सल पाठवतो."

त्यांनी एकदा मोबाईलकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आवाज चढवला नाही. "मंग लिवलं कायले?"

मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कॉम्प्युटरवर माल पाहिला. त्या पंपाचा वायसर संपला होता. नवा आठवड्यानं येणार होता. मी म्हणाले, आला की लगेच पार्सल करते. त्यावर बाई पहिल्यांदा बोलल्या. "दोन दिवसाची उघाड हाये, ताई. अळी काय पार्सलसाठी थांबते?"

दोन तालुके ओलांडून आले होते ते. मालक अकोल्याला गेलेले. आमच्या ऑफिसात काचेच्या कपाटाजवळ एक नवा पंप नमुना म्हणून ठेवलेला असतो, मालकांचा फार लाडका, आल्यागेल्याला ते त्याचा फवारा उडवून दाखवतात. तो त्याच कंपनीचा होता. मी पेचकस घेऊन त्याच्यापुढे बसले. माझी धडपड पाहून काकांनी पेचकस हातातून काढून घेतला, पाच मिनिटांत वायसर काढला, आपल्या पंपाला बसवला आणि बाहेर हौदावर चालवून पाहिला. पैसे विचारले. मी नको म्हटलं. त्यांना ते आवडलं नाही. "फुकट मांगाले नाई आलो," म्हणाले, आणि घ्यायला लावले. जाताना बाईंनी मला विचारलं, "मोबाईलवरचं मिटवता येते काय व ते? नाई तं अजून कोनी येईन."

त्या दिवशी मला तुमची आठवण आली नाही, खोटं कशाला सांगू. ती आली चौथ्या दिवशी, आईच्या गुडघ्याला तेल लावताना. मी अकरा वर्षांची, उन्हाळ्याची सुट्टी. तुम्ही मंगरूळपीरच्या स्टँडवर कंट्रोलर. तुमच्या चौकशीच्या खिडकीत बसायला मिळणं म्हणजे मला राजाची खुर्ची. तुम्ही एका ड्रायव्हरशी बोलायला बाहेर गेलेले असता आणि खिडकीत एक म्हातारी येते, बोचकं डोक्यावर. शिरपूरची गाडी कोनती, बाई? मला माहीत नसतं. पण खिडकीत बसलेल्या माणसाला माहीत असायलाच हवं असं मला वाटतं, म्हणून मी बोट दाखवते. ती समोरची. म्हातारी माझ्या बोटाकडे बघते, गाडीकडे बघते, आणि विश्वासानं चढते. गाडी मानोऱ्याची. तुम्हाला कळलं तेव्हा गाडी सुटून गेली होती. तुम्ही मानोऱ्याच्या स्टँडला फोन लावला. ती दुपारी परत आली, घामाघूम, कोणाच्या तरी तेरवीला निघालेली आणि आता पोचूनही उपयोग नव्हता. तुम्ही तुमचा डबा तिला दिलात. मला तिच्याशेजारी बाकड्यावर बसवलंत आणि चार कंडक्टरांदेखत म्हणालात, "माईत नसन तं माईत नाई म्हनाव. त्याची काय लाज? तू बोट दाखोलं, ते बिचारी चालली गेली." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. चूक कळली नव्हती असं नाही. कंडक्टर हसले होते.

आईच्या गुडघ्यावर माझा हात थांबला तेव्हा ती म्हणाली, "काहून थांबली व?" मी परत तेल चोळायला लागले. दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले आणि मालकांना सांगितलं, गावांची सगळी पानं काढते.

"काहून, ताई? चांगलं चालून राह्यलं ना."

"खोटं आहे ते, भाऊ. आपण शिरपुरात नाही."

"सारेच करतात."

"करत असतील."

"गिऱ्हाईक किती कमी होईन?"

"माहीत नाही," मी म्हणाले. हे म्हणताना माझा आवाज जराही हलला नाही, हे तुम्हाला मुद्दाम सांगते.

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग म्हणाले, "दिवाळीपर्यंत पाहू. नाई जमलं तं तुमी परत टाकसान." आम्ही यादीत धाडकन खाली आलो. मालक रोज सकाळी माझ्या खुर्चीमागून यादी पाहून जात. ते महिने अवघड गेले. मी दुसरं काम सुरू केलं. दुकानाचा फोन माझ्या टेबलावर घेतला आणि लोक वस्तू कशी मागतात ते ऐकायला लागले. कंपनी ज्याला भलतंच इंग्रजी नाव देते त्याला कोणी चकती म्हणतं, कोणी बूच, कोणी नुसतं "ते काळं रबर". मी तेच शब्द पानावर लिहिले, प्रत्येक भागाचा फोटो लावला, कोणत्या पंपाला बसतो ते लिहिलं, आणि वर ठळक अक्षरात: आज शिल्लक आहे किंवा आज शिल्लक नाही, पोचायला इतके दिवस लागतील. दिवाळी आली तेव्हा आम्ही पूर्वीइतके वर नव्हतो. पण जे येत होते ते घेऊन जात होते, आणि माल परत पाठवणारे जवळजवळ थांबले होते. मालकांनी परत टाका म्हटलं नाही.

मी आमचा अनुभव लिहून पाठवला आणि पुढच्या वर्षी बंगळुरूच्या परिषदेनं मला बोलायला बोलावलं. नागपूरहून विमान. वीस मिनिटं. तिथल्या मुलीनं आधी फोनवर सांगितलं की दुकान यादीत वर चढत गेलं तो आलेख तेवढा दाखवा, लोकांना तोच आवडतो. मी दोन्ही दाखवले, चढलेला आणि पडलेला. पहिलं वाक्य इंग्रजीत, विमानात पाठ केलेलं. दुसऱ्यापासून हिंदीत, आपल्या वऱ्हाडी हिंदीत. मी त्या नवराबायकोचं सगळं सांगितलं. "मंग लिवलं कायले?" हे मी काकांच्याच बोलीत म्हटलं, आणि नंतर त्याचा अर्थ सांगितला. आधी लोक हसले. अर्थ सांगितल्यावर काही जणांनी वह्या उघडल्या.

चहाच्या वेळी एक गृहस्थ आले. मी ओळखलं. पुण्याचे तेच वक्ते.

"मॅडम, ती युक्ती मीच सांगितली होती ना?"

"हो, सर."

"मला वाटलं नव्हतं कुणी जिल्ह्यातलं एकेक गाव घेऊन बसेल."

"आम्ही वाशीमचे, सर. सांगितलं की करतो."

ते मोकळेपणानं हसले. मग कप खाली ठेवून म्हणाले की ते अजूनही तीच युक्ती शिकवतात, आणि आता विचार करावा लागेल. करतील की नाही कोण जाणे. मालकांनी माझं भाषण मोबाईलवर पाहिलं होतं. कारंज्याला पोचले तर दारातच म्हणाले, "ताई, म्हणून आपला नमुन्याचा पंप गळून राह्यला होता काय! आणि मी वर्षभर कंपनीले शिव्या देऊन राह्यलो."

आता पुढच्या महिन्यात हैदराबाद आहे. काल मालकांनी विचारलं, सगळ्या भाषणांचं रेकॉर्डिंग घरी येते म्हणे, तरी जावंच लागते काय? मी म्हणाले, लागते, भाऊ, तिथं माणसं भेटतात. त्यांनी होकार दिला. आज रविवार, आई शेजारी भजनाला गेली आहे, आणि मी बॅग काढताना हे लिहायला बसले. आजोबा दुसऱ्याच्या वावरात राबले, तुम्ही घरातले पहिले पगारदार. वर्षाला कुटुंबाचा मोफत प्रवासाचा पास मिळायचा आणि तुम्ही तो तसाच वाया जाऊ द्यायचात, सुटी मागावी लागते म्हणून. आई हे अजून हळहळून सांगते. तिला मी दर वेळी निघताना म्हणते की मालक पाठवतात, माझा काही इलाज नाही. हे पत्र कुठं टाकावं ते मला माहीत नाही, वहीतच राहील. पण एक सांगून ठेवते. मालक पाठवत नाहीत, बाबा. दर वेळी मीच मागून घेते. मले जायले आवडते.