संथ ठोक्यांचं पिल्लू

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा घातला असं समजावं.) तुमची आणि मामींची तब्येत ठीक असेल. मागच्या पत्रात मी तुम्हाला रविवारी येऊन कुत्रा परत न्या असं कळवलं होतं आणि ओघात तुमच्याबद्दलही दोन-चार शब्द लिहिले होते. ते शब्द आधी मागे घेतो.

चूक माझीच. लॅब्रॅडॉर सगळे सारखे नसतात. प्रदर्शनात मिरवणाऱ्या घराण्याची पिल्लं जाडजूड आणि बसल्या जागी सुखी, तर शिकाऱ्यांबरोबर राबणाऱ्या घराण्याची सडपातळ, त्यांना दिवसभर काम लागतं, हे तुम्ही तुमच्याकडच्या पिल्लांच्या दोन्ही टोपल्यांपुढे उभं करून मला समजावलं होतं. पण मी पडलो घड्याळजी. माझा डोळ्यांपेक्षा कानांवर विश्वास. एकेका पिल्लाच्या छातीला कान लावला आणि ज्याचे ठोके सगळ्यांत संथ तेच उचललं. निघालं दुसऱ्या टोपलीतलं. (जनावरांचे डॉक्टर नंतर म्हणाले, "अहो, ते झोपलं असेल.")

ऑपरेशननंतर बाबा खुर्चीला चिकटले होते, हे तुम्ही बघून गेलातच. चाला, नाहीतर गुडघा कायमचा आखडेल, असं सर्जननी बजावलं होतं, बाबा ढिम्म. निदान पायाशी पडून राहणारी सोबत असावी म्हणून कुत्रा आणला, तर ह्यानं महिन्याभरात माझी चप्पल, हिची छत्री आणि एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाचा पट्टा फस्त केला. ही म्हणाली, घरात एक तर तो राहील नाहीतर मी. मी उत्तराला जरा वेळ लावला, तेही तिला आवडलं नाही.

मग मागच्या आठवड्यात गुरुवारी त्यानं बाबांची चष्म्याची डबी पळवली. चावली नाही, दारापर्यंत नेली, ठेवली आणि वळून बघत बसला. बाबांनी हाका मारल्या, तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि कोणीच आणून देईना तेव्हा काठी घेऊन उठले. दाराशी पोचले, तर डबी फाटकाशी. फाटकाशी पोचले, तर कोपऱ्यावरच्या खांबाशी. मी खिडकीतून बघत होतो. मामा, डोळे भरून आले हो माझे. बाबा घामाघूम होऊन परतले आणि खुर्चीत टेकत म्हणाले, "गाढव आहे. पण दम आहे त्याच्यात."

आता दोघं रोज दोनदा फिरायला जातात. दमून आलेला कुत्रा कशालाही तोंड लावत नाही, त्यामुळे हीसुद्धा निवळली. काल सर्जननी गुडघा वाकवून बघितला आणि बाबांची पाठ थोपटली. जीव भांड्यात पडला.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. रविवारी या, पण नुसते जेवायला. कुत्र्याला न्यायची गोष्ट काढू नका. काठी अजून बाबांच्या हातात असते.

आणखी एक. बाबांचं लक्ष आता माझ्याकडे गेलं आहे. दिवसभर टेबलाशी बसून तुझंही अंग आखडलंय, असं म्हणून ते रोज सकाळी मलाही बाहेर काढतात, आणि मी जरा थांबलो की दोघंही पुढे जाऊन वळून बघत उभे राहतात. तेव्हा पहिल्या टोपलीतलं एखादं उरलं असेल तर येताना घेऊनच या. माझ्याजवळ नुसतं बसून राहणारं घरात कोणीतरी हवं.