तुझ्या यादीतली त्रेचाळीस झाडं

१४ ऑक्टोबर, दुपार

प्रिय ठकू,

खूप आशीर्वाद. तू बरी असशील, वेळेवर जेवत असशील. 'आम्ही ठीक आहोत' असं लिहायला पेन टेकवलं आणि तिथेच अडलं, म्हणून ते वाक्य राहू दे.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं वाटेल तुला. फोन येतो तेव्हा बाबा समोर बसलेले असतात. त्यांच्यासमोर काही गोष्टी माझ्या तोंडून निघत नाहीत.

आधी साधी बातमी. तुझे बाबा फुलं वाळवायला लागले. हसू नकोस. फेब्रुवारीत शिवणयंत्राचा खालचा खण अडकला. तो ओढून काढला, तर मागून तुझी कॉलेजची वही निघाली. परीक्षेसाठी गोळा केलेल्या साठ झाडांची यादी, कुठलं कुठे सापडलं त्यासकट. वही घेऊन खुर्चीत बसले ते संध्याकाळपर्यंत. एका गिऱ्हाइकाची पँट अर्धी उसवलेली तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन निघाले. "कुठे?" म्हटलं, तर म्हणाले, "घाणेरी आणायला."

पहिल्या खेपेचा पार विचका झाला. रद्दीत फुलं दाबली, वर ती जुनी जड इस्त्री ठेवली आणि आठवडाभर उघडून पाहिलं नाही. गुलबक्षीचा लगदा, सदाफुलीला बुरशी. मग घाई झाली म्हणून एक फूल गरम इस्त्रीखाली घातलं, ते करपलं. मी म्हटलं, "अहो, कॉलर आहे का ती?" शेवटी कोपऱ्यावरच्या शाळेतल्या मास्तरांनी शिकवलं. कागद रोज बदलायचे, पाकळ्या ओल्या असतानाच बोटाने उलगडायच्या, एखादं पान उलटं ठेवायचं म्हणजे मागच्या शिराही दिसतात. आंबुशीचं फूल तोडल्यावर मिटतं, म्हणून पुठ्ठे बरोबर घेऊन हिंडायचे. रुळांच्या भरावावर उकिडवे बसून तिथल्या तिथे दाबायचे. लोक थांबून बघायचे. यांना कशाचं काही नाही.

वाळलेली फांदी ते चिकटवत नव्हते, शिवत होते. शिंपीच ते! देठाच्या रंगाचा दोरा, गाठ मागच्या बाजूला, शोधूनही सापडायची नाही. खाली चिठ्ठी: झाडाचं नाव, जागा, तारीख. आणि 'गोळा करणारी' याच्यापुढे प्रत्येक पानावर तुझं नाव. मी विचारलं, तर म्हणाले, "तिचंच होतं ते. माझं काय त्यात?"

त्रेचाळीस झाली. उरलेली सतरा होतील असं वाटत नाही.

दुकान बंद केल्याचं तुला सांगितलं होतं. काम कमी झालं म्हणून, असं म्हटलं होतं. ते खोटं होतं. मे महिन्यात त्यांच्या हातून सुई निसटायला लागली. वय झालं, म्हणाले. ऑगस्टमध्ये कात्री उचलवेना. डॉक्टरांनी तपासण्यांवर तपासण्या केल्या आणि सांगितलं, नसा निकामी होत चालल्यात. औषध आहे, पण हे थांबवणारं नाही. मी दोनदा विचारलं, "म्हणजे बरे कधी होतील?" दुसऱ्यांदा डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला.

शेवटची पाच पानं मी शिवली. ते शेजारी बसतात. टाका कुठे घालायचा तिकडे बघतात. चुकलं की डोळे मिटून घेतात. मी उसवते, पुन्हा घालते. पण झाडं आणायची कशी? मला गवत आणि झाड यापलीकडे काही कळत नाही. परवा मोठ्या हौसेने एक रोप आणलं, तर ते यादीत नव्हतंच. त्यांना हसू आलं. हसताना ठसका लागला, आणि तो थांबेपर्यंत मी नुसती पाठीवर हात ठेवून उभी राहिले. दुसरं काय करणार?

आता जीभही वळत नाही. तीन आठवडे झाले, त्यांचं बोलणं मलाही कळत नाही. या महिन्यात तुझा फोन आला तेव्हा तू विचारलंस, "आई, टीव्ही लावलाय का?" मी हो म्हटलं. टीव्ही बंद होता, ठकू. ते तुला हाक मारत होते.

आता जे लिहायचं ते लिहिते.

तुझी परीक्षेची ती साठ पानं बाबांनी जाळली नाहीत. मी जाळली.

लांब शिकायला जाण्यावरून तुमचं दोघांचं भांडण चाललं होतं, मी मध्ये पडले, आणि तू मला म्हणालीस, "तुझ्यासारखी जन्मभर दुसऱ्यांच्या कपड्यांना बटणं लावत बसणार नाही मी." म्हणालीस आणि मैत्रिणीकडे निघून गेलीस. तुला आठवतही नसेल. मी तो गठ्ठा उचलला आणि मागच्या अंगणात पेटवला. वाळका पाला वाटला, असं मी यांना सांगितलं. तेही खोटं. मला ठाऊक होतं ते काय आहे. तू दोन वर्षं उन्हातान्हात हिंडत होतीस, तुझे डबे मीच भरून देत होते.

दुसऱ्या दिवशी तू पानं न्यायला आलीस. मी ओट्याशी पाठ करून उभी. बाबाच म्हणाले, "मी जाळली." तुझं वर्ष गेलं, तू गेलीस. त्या रात्री मी म्हटलं, "मी सांगते तिला खरं." तर म्हणाले, "माझ्यावर ती चिडलेलीच आहे. तुझ्याशी तरी बोलत राहू दे."

नऊ वर्षं तू माझ्याशी बोलतेस. दर वेळी विचारतेस, "तू कशी आहेस?" आणि दर वेळी मी त्यांच्यासमोर बसून म्हणते, बरी आहे. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. तेवढ्यात त्यांचं बोलणंच गेलं. आता तू त्यांच्याशी बोलायला फोन केलास तरी ते फक्त ऐकू शकतील.

इथपर्यंत लिहून मी हे पत्र त्यांना वाचून दाखवलं. ते मान हलवत राहिले, नको, नको. मग त्यांचा उजवा हात टेबलावरून सरकत कागदाकडे आला. खूप वेळ लागला त्याला. दोन बोटं कागदाच्या कडेवर टेकली, पण ओढायची ताकद नव्हती. मी कागद त्यांच्या बोटांखालून काढून घेतला. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांच्या मनाविरुद्ध कधी वागले नाही. आज वागले, तेही त्यांना अडवता येत नाही म्हणून. ते अजून माझ्याकडेच बघतायत.

ये, असं म्हणायला मला तोंड नाही. डॉक्टर महिन्यांत बोलतात, वर्षांत नाही, एवढंच कळवते.

जिच्यावर रागवायचं राहिलं, ती
तुझी आई